कोरड्या ऋतूची आमरी

एप्रिलमध्ये कसारा लोकलनं खर्डी सोडली, की दोन्ही बाजूंचं रान उघडं पडतं. सागाची पानं गळून रुळांच्या कडेला पडलेली, ऐन-बोंडाऱ्याच्या नुसत्या फांद्या, वणव्यानं काळे झालेले उतार आणि त्यावर थरथरणारं ऊन. पुढचं स्टेशन उंबरमाळी. त्या रानाकडे बोट दाखवून कुणाला सांगावं, की इथं ऑर्किड राहतात, तर सहजी विश्वास बसत नाही. ऑर्किड म्हटलं की आपल्या मनात धुकं येतं, शेवाळ येतं, बाराही महिने ठिबकणारं हिरवं जंगल येतं. ते खोटं नाही. पण या फुलाची, म्हणजे आमरीची, खरी हुशारी मला त्या ठिबकणाऱ्या जंगलात कधी कळली नाही. ती कळली ती उंबरमाळीच्या उघड्याबोडक्या ऐनांखाली.

या मुलखात पाऊस कमी नाही. जून ते सप्टेंबर शंभर इंचांच्या आसपास कोसळतो. डोंगरांवरून इतकं पाणी वाहतं, की मुंबईनं आपली तहान इथंच बांधून ठेवली. तानसा 1892 मध्ये, मोडकसागर 1957 मध्ये, पुढे भातसा. आणि इथल्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते, बायका डोक्यावर हंडे घेऊन आटलेल्या विहिरींकडे उतरतात. पाणी येतं, उतारांवरून धावतं आणि निघून जातं. चार महिने पुराचे, आठ महिने कोरडे. इथं ज्याला टिकायचं, त्यानं पाणी पडताना पकडायला शिकलं पाहिजे आणि पकडलेलं वर्षभर पुरवायला. आमरी हे शिकली आहे. तिच्या अंगावरची प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट या एकाच शिक्षणातून आली आहे, असं मला दिवसेंदिवस पक्कं वाटू लागलंय.

ऐनाच्या झाडाशी जाऊन उभं राहा. त्याची साल खोल भेगांची, चौकोनी खवल्यांची. त्या भेगांत पानांचा चुरा अडकतो, मुंग्यांनी आणलेली माती साठते, पावसाळ्यात शेवाळ धरतं. त्या खडबडीत खोडाला धरून जाड, चामट पानांची एक आमरी बसलेली असते. बहुतेक वेळा अकॅम्पे, नाहीतर व्हँडा. तिची मुळं मातीकडे जातच नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी मुळं सालीवरून सरपटत जातात, काही तर नुसती हवेत लोंबतात. उन्हाळ्यात ती मेल्यासारखी दिसतात. बाटलीतलं थोडं पाणी त्यांच्यावर ओतून पाहिलं, तर काही क्षणांत पांढरेपणा विरतो आणि मूळ हिरवं होतं.

मुळाच्या बाहेरचा तो पांढरा थर मृत पेशींचा असतो. आतून पोकळ, हवेनं भरलेल्या पेशी, म्हणून पांढऱ्या. पाणी लागलं की त्या पोकळ्या भरतात, थर पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं, जिवंत मूळ दिसू लागतं. पाणी शोषायला काही क्षण, फार तर मिनिटं लागतात; ते उडून जायला मात्र तासन्‌तास. या थराचं आणखी एक काम मला फार मोठं वाटतं. वळवाचा पहिला पाऊस पडतो, तेव्हा तो झाडावरची महिनोन्‌महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, कुजलेल्या पानांचा अर्क असं सगळं धुऊन खाली आणतो. आमरीच्या दृष्टीनं तेच खत. नंतरचा पाऊस नुसतं पाणी. मृत पेशींचा तो थर नेमकी ही पहिली, कसदार धार पकडून धरतो. शेतकरी मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहतो. त्याच सरीवर फांदीवरची ही रोपंही वर्षाचा हिशेब लावून बसलेली असतात.

पकडलेलं पाणी जपायचं कसं, याचीही तिची तऱ्हा आहे. झाडं दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रं उघडून हवा आत घेतात, आणि तेवढ्यात ओल बाहेर निसटते. एप्रिलच्या दुपारी हे परवडणारं नाही. म्हणून व्हँडासारख्या जाड पानांच्या आमऱ्या रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आंबट द्रव्याच्या रूपात पानात साठवायचा आणि दिवसा दारं बंद ठेवून, आलेल्या उन्हात त्याचं अन्न करायचं. म्हणजे पान पहाटे आंबट असतं आणि संध्याकाळी नसतं. हे कोडं पहिल्यांदा आपल्याच देशात कुणाच्या तरी जिभेला कळलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागत, दुपारपर्यंत चव जाई. त्याचं हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. पानफुटी आमरी नव्हे, पण युक्ती तीच. आणि या हाइनच्या नावाची एक आमरी आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलते, हॅबेनेरिया हेनियाना, एकाच बाजूला तोंड केलेल्या पांढऱ्या फुलांची. जमिनीतली असल्यामुळे तिला स्वतःला या रात्रीच्या कारभाराची तशी गरज नसते.

डेंड्रोबियमनं तिसरी वाट धरली. त्याची खोडं फुगीर, पाणी आणि अन्न यांनी भरलेली. दरवर्षी एक नवं खोड जुन्याच्या शेजारी उभं राहतं. पाऊस संपला की हे झाड पानं टाकून देतं. उरतात त्या नुसत्या, कागदी साल सुटलेल्या, सुरकुतलेल्या काठ्या. त्या काठ्या म्हणजे माजघरातली उतरंड आहे. वरून काही कळत नाही, आत वर्षाची बेगमी. आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, भोवतालचं सगळं पानगळीला लागलेलं असताना, त्या वाळक्या काठ्यांच्या शेंड्यांवर पांढरीशुभ्र फुलं उमलतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम. पश्चिम घाटाबाहेर कुठेही आपणहून न वाढणारं. पान नाही, ओल नाही, आणि फांदी पांढरी झालेली. तेव्हा रानातही पानांचा आडोसा उरलेला नसतो, त्यामुळे ते पांढरं लांबूनही नजरेत भरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाटेतच उभी राहिले होते, आणि आजही त्या दिवसांत खर्डी-कसाऱ्याकडे गेले की मान वरच असते.

या रोपांना सरसकट बांडगूळ म्हणण्याची आपली सवय आहे, आणि ती जायला हवी. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवतं आणि त्याचा रस घेतं. आमरी झाडाचं काहीही घेत नाही. तिला हवी असते ती उंची, उजेड आणि पाय रोवायला साल. डोळखांबच्या बाजूला एका ठाकर बाबांना मी हे समजावून सांगू लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ताई, ते आम्हाला ठावं हाय. बांडगूळ झाडाचं खातं. ही नुस्ती वस्तीला." हातातल्या कोयत्यानं त्यांनी शेजारच्या आंब्यावरचं बांडगूळ छाटलं आणि त्याच फांदीवरच्या आमरीला हात लावला नाही. शहरातल्या बागांमध्ये दोन्ही एकाच टोपलीत पडलेली मी पाहिली आहेत.

डोळखांबवरून पुढं गेलं की आजोबाचा डोंगर दिसतो. शहापूर तालुक्याचा हा सगळ्यांत भारदस्त शेजारी. पायथ्याच्या रानात वाल्मीकी ऋषींचा आश्रम आहे, आणि वर कड्यातल्या गुहेला सीतेचा पाळणा म्हणतात. रामानं सोडल्यावर सीता इथं राहिली, लव-कुश इथंच वाढले, ज्या वाल्मीकींना ती मुलं आजोबा म्हणायची त्यांचंच नाव डोंगराला पडलं, असं इथली माणसं सांगतात. याच भागातल्या जुन्या आंब्या-जांभळांवर मेअखेर ते जूनमध्ये हातभर लांबीचे गजरे लोंबू लागतात. पांढऱ्या फुलांवर जांभळट-गुलाबी ठिपके, फुलाला फूल चिकटलेलं. वनस्पतिशास्त्रात ती ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आपण तिला सीतेची वेणी म्हणतो. तिच्या जवळपास फुलणाऱ्या, गुलाबी ठिपकेदार एरिडिसलाही काही ठिकाणी हेच नाव आहे. आसामात याच ऱ्हिंकोस्टायलिसला कपौ म्हणतात. बिहूत नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. हजारो कोस दूर असलेल्या दोन मुलखांतल्या बायकांना हे फूल पाहून केसच आठवावेत, याचं मला नवल वाटत नाही. पण आजोबाच्या सावलीत ते नाव ऐकताना मन भरून येतं. वनवासात एकटीनं दोन मुलं वाढवणाऱ्या बाईच्या वेणीत माळायला इथल्या माणसांनी जे फूल निवडलं, ते मातीविना जगणारं आणि कोरड्यात तग धरणारं आहे. त्यांनी ते विचार करून निवडलं असेल असं मी म्हणत नाही. पण निवड अचूक आहे.

आता त्या वेणीतलं एक फूल डोळ्यांजवळ धरून पाहावं. तीन निदलं, तीन पाकळ्या, आणि त्यांतली एक पाकळी इतरांहून निराळी, ओठासारखी पुढे आलेली. कीटकाला उतरायची ती जागा. बहुतेक आमऱ्यांची कळी उमलण्याआधी अर्धा वळसा घेते, कारण मुळात हा ओठ वरच्या अंगाला असतो. वळसा घेतल्यावर तो खाली येतो आणि पाहुण्याला पाय ठेवायला मिळतो. इतर फुलांत पराग भुकटीसारखा उधळतो, वाऱ्यावर जातो, माश्यांच्या पोटात जातो. आमरीनं तेही सांडू दिलेलं नाही. तिचा पराग घट्ट पिंडांत बांधलेला असतो, आणि त्या पिंडांच्या देठाला चिकट गादी. माशी आत शिरते, बाहेर पडताना तो पिंड तिच्या डोक्याला किंवा पाठीला चिकटतो आणि दुसऱ्या फुलात शिरताना नेमक्या जागी टेकतो. चुकलं तर सगळा पराग गेला. जमलं तर एका भेटीत हजारो बियांची सोय झाली.

अशी भेट रोज घडत नाही, म्हणून फूल थांबतं. ज्याला कुणी भेट दिली नाही, ते फूल कित्येकदा आठवडेच्या आठवडे ताजं राहतं. पराग मिळाला की थोड्या काळात मलूल होतं. आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी, की बहुतेक आमऱ्यांच्या फुलात बीजांडं आधीपासून तयारच नसतात. परागपिंड येऊन टेकल्यावरच झाड ती घडवायला घेतं. पाहुणा येण्याची खात्री नसताना इतका खर्च कशाला करायचा? या झाडाला कोरड्यानं वळण लावलंय असं मी म्हणते, ते अशासाठी.

मोबदल्याच्या बाबतीतही हात आखडताच. जगातल्या आमऱ्यांच्या जातींपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या पाहुण्यांना मध देतच नाहीत. कुणी शेजारच्या मधाळ फुलाचा रंग घेते, कुणी मादी कीटकाचा वास आणि रूप घेऊन नराला भुलवते. आपल्या कोकण-गोव्याच्या बाजूला कॉटोनिया नावाची एक आमरी आहे, तिचा ओठ मधमाशीसारखा दिसतो. ही फसवणूक आहे खरी, पण कोट्यवधी वर्षांत दोन्ही बाजूंनी चालत आलेली. माशी शिकते, फूल बदलतं. आमऱ्यांच्या जाती अठ्ठावीस हजारांच्या घरात आहेत, भारतात साडेबाराशेच्या आसपास आणि एकट्या महाराष्ट्रात शंभरावर. एवढी विविधता अशाच घासाघाशीतून वाढली.

मध देणाऱ्यांनी तो कुठं लपवला, हेही पाहावं. श्रावण-भाद्रपदात, गवत कमरेएवढं झालेलं असताना, सह्याद्रीच्या उतारांवर वाघचौरा फुलतो. पेक्टेलिस जायगँटिया. तळहाताएवढं पांढरं फूल, कडेला झालर, आणि मागं बोटाहून लांब नळी. मध त्या नळीच्या तळाशी. दिवसा ते फूल नुसतं देखणं असतं. अंधार पडला की वास सुटतो आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग येऊ लागतात. सोंड पुरेशी लांब असेल त्यालाच मध, आणि तो पिताना त्याचं डोकं परागपिंडांना टेकतंच. 1862 मध्ये मादागास्करची अशीच एक पांढरी आमरी चार्ल्स डार्विनच्या टेबलावर आली. तिची नळी जवळपास फूटभर लांब. त्यानं लिहून ठेवलं, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तसा पतंग कुणी पाहिलेला नव्हता. डार्विन 1882 मध्ये गेला, आणि 1903 मध्ये रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी मादागास्करच्या त्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. माझा आग्रह एवढाच, की ती सांगताना मादागास्करलाच थांबू नये. माळशेजच्या आणि आजोबाच्या उतारांवर भाद्रपदातल्या रात्री तेच चाललेलं असतं, आणि तिथं टॉर्च बंद करून बसायला माणसं फार थोडी जातात.

डार्विननं आणखी एक हिशेब मांडला होता. इंग्लंडातल्या एका साध्या जमिनीवरच्या आमरीच्या शेंगेत त्यानं सुमारे 6,200 बिया मोजल्या. एका रोपाच्या मिळून 1,86,300. सगळ्या रुजल्या, तर त्या एका रोपाची पतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील. तसं होत नाही, याचं कारण त्या बीतच आहे. आमरीचं बी म्हणजे वाऱ्यावर तरंगणारी धूळ. हलकं असावं म्हणून आईनं त्याच्यासोबत शिदोरीच दिलेली नसते. भाताच्या दाण्यात अंकुराला पुरेल एवढं अन्न असतं. आमरीच्या बीत ते नाही. ते सालीच्या भेगेत पडतं आणि वाट पाहतं. विशिष्ट बुरशीचा धागा त्याच्यापर्यंत पोचला, आत शिरला आणि त्यानं अन्न पुरवलं, तरच ते वाढतं. बाकी लाखो बिया मातीत किंवा हवेत विरतात.

हे कोडं नोएल बर्नार या तरुण फ्रेंच अभ्यासकानं 1899 मध्ये उलगडलं. तो त्यानंतर फार जगला नाही, 1911 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत ल्यूइस नडसननं साखर घातलेल्या अगरवर, बुरशीविना, बाटलीत आमरीची बी रुजवून दाखवली. आज दादरच्या फूलबाजारात जांभळ्या डेंड्रोबियमच्या जुड्या मिळतात, लग्नाच्या मंडपांत त्या रांगेनं लागतात, त्यांची वाट त्या बाटलीतून आलेली आहे. मला त्या फुलांबद्दल राग नाही. पण त्यांना पाहून आमरी स्वस्त झाली, मुबलक झाली असं कुणी म्हणालं, की वाईट वाटतं. बाटलीत जे सुटलं ते बुरशीचं, सालीचं, जुन्या झाडाचं नातं. उंबरमाळीच्या ऐनावरची आमरी त्या नात्याशिवाय एक दिवसही उभी राहिली नसती. एखादी भेग, तीत वर्षानुवर्षांचा चुरा, त्या चुऱ्यात नेमकी बुरशी, आणि त्याच जागी येऊन पडलेलं बी. हे जुळून यायला झाडाला वय लागतं.

जमिनीवरच्या आमऱ्यांचा मार्ग वेगळा. त्या कोरड्याशी झुंजत नाहीत, खाली निघून जातात. मार्चमध्ये माळावरून वणवा जातो, वरचं गवत जळून राख होतं, आणि बोटभर खाली हॅबेनेरियाचा कंद शांत पडलेला असतो. मृगाच्या सरी पडल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत माळावर जमिनीला चिकटलेली गोल पानं दिसू लागतात. बहुधा एकेकच पान, फार तर दोन, आणि त्यातून उभं राहिलेलं टप्पोरं पांढरं फूल. हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. पावसाच्या त्या चार महिन्यांत तो जुना कंद सुकतो आणि शेजारी पुढच्या वर्षासाठी नवा भरतो. नर्व्हिलियात तर फूल आणि पान यांची भेटच होत नाही. आधी फूल येऊन जातं, मग एकुलतं एक पान जमिनीतून वर येतं. मला सगळ्यांत जास्त जिव्हाळा आहे तो जिओडोरमचा. त्याचा फुलांचा दांडा फुलताना मान खाली घालतो, फुलं जमिनीकडे तोंड करून असतात. शेंगा धरल्या की तोच दांडा हळूहळू ताठ होतो आणि शेंगा वर उचलतो, म्हणजे वाळून फुटल्यावर धुळीसारखी बी वाऱ्याला उंचावरून मिळते.

या सगळ्यांची नोंद कुणीतरी भिजत, चिखल तुडवत केली म्हणून आज आपण नावं घेऊ शकतो. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1861 चा. थिओडोर कुकची 'फ्लोरा' 1901 ते 1908 या काळातली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनी कपाडियांसोबत 1966 मध्ये मुंबई इलाख्याच्या आमऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक केलं. महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये दाबून वाळवलेली सह्याद्रीची रोपं आजही जपलेली आहेत. कागदावर तपकिरी झालेलं फूल पाहून वाटतं, याचं झाड अजून त्याच फांदीवर असेल का?

त्याचं उत्तर शेवटी झाडापाशी येतं. शहापूर-मुरबाडमध्ये मोठी, जुनी झाडं सरसकट राहिलेली नाहीत. जिथं आहेत, तिथं ती माणसानं काही कारणानं ठेवली म्हणून आहेत. मोह ठेवला, कारण त्याची फुलं वेचायची असतात आणि मोहट्यांचं तेल निघतं. बांधावरचा आंबा ठेवला, आजीनं लावला म्हणून. वाघोबाच्या ठाण्यावरचं झाड ठेवलं, तिथं कुऱ्हाड चालत नाही म्हणून. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सीतेच्या वेण्या अशाच झाडांवर आहेत. सागाच्या एकसारख्या रांगांच्या लागवडीत मी तास-तास चालले आहे, मान वर करून, आणि हाती फारसं काही लागलेलं नाही.

ऐनाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. भाताच्या राबासाठी इथले शेतकरी ऐनाचं कवळ तोडतात. ते राबाच्या जागेवर पसरून, वर शेण-गवत घालून भाजतात आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरतात. तोडलेल्या फांदीवर आमरी असेल तर तीही राबात जाते. म्हणून शहरातून आलेला माणूस लगेच कोयत्याला दोष देतो. मी तसं करणार नाही. कवळ तोडणारा फांद्या नेतो आणि खोड ठेवतो, कारण त्याला पुढच्या वर्षी पुन्हा याच झाडाकडे यायचं असतं. वर्षानुवर्षं छाटलेल्या त्या बोडक्या ऐनांच्या गाठाळ खोडांवर मी भरलेल्या आमऱ्या पाहिल्या आहेत. तिथं ऊनही पुरेसं पोचतं. मुळापासून झाड जातं ते दुसऱ्या कामांसाठी. भूखंडांसाठी, फार्महाउसांसाठी, रस्त्यांसाठी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तो याच तालुक्याच्या अंगावरून गेला आहे. नवी रोपं लावता येतात. पण आमरीच्या बीला भेग लागते, भेगेला साल लागते आणि सालीला पन्नास-साठ वर्षं.

पडलेल्या फांदीवरची आमरी वाचवता येते, हे मात्र मी इथंच शिकले. ती घरी, शहराच्या बाल्कनीत नेण्यात अर्थ नाही. तिथं ती तहानेनं मरत नाही, रोज घातलेल्या पाण्यानं कुजते. आणि उभ्या झाडावरची आमरी तर काढायचीच नाही. सगळं आमरीकुल आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या बंधनांच्या यादीत आहे, ते उगीच नव्हे. फांदीसकट खाली आलेली असेल, तर मे महिन्यात, पावसाआधी, जवळच्याच दुसऱ्या झाडाला बांधायची. नायलॉनची दोरी नको, ती मुळांना काचते. नारळाचा काथ्या चांगला. शेंड्याच्या खाचेत पाणी साचून राहू नये म्हणून रोप थोडं तिरपं ठेवायचं. पहिल्या सरींनंतर हिरव्या टोकाची नवी मुळं येतात आणि साल धरू लागतात.

डोळखांबच्या त्याच बाबांबरोबर एकदा राबासाठी आणलेल्या कवळातून एक सीतेची वेणी बाजूला काढली होती. मी घराजवळचा आंबा दाखवला. खोड रुंद, सावली बरी, रोज नजरेसमोर. त्यांनी मान हलवली. "आंबा नको. पोरांना हितं घर वाढवायचंय, उद्या तो जाईल. मोहाला बांध. मोह कोण तोडत नाही." मग आम्ही काथ्या घेऊन ओहोळापलीकडच्या मोहाकडे गेलो.